ऑपरेशन ठरलंय? एक वही घ्या आणि हे वाचा

पित्ताशयात खडे झाले म्हणून माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, संध्याकाळी मी घोटभर पाणीही प्यायलो. रात्री अडीचच्या सुमारास उजवा खांदा ठणकायला लागला. टाके पोटावर आणि दुखतोय खांदा! घाम फुटला. हृदयाचंच काहीतरी आहे असं धरून मी बेल दाबली. सिस्टरनी नाडी, बीपी, ऑक्सिजन बघितला, डॉक्टरांना बोलावून ईसीजी काढला आणि मग म्हणाल्या, "गॅसचं दुखतंय. दोन दिवसांत जाईल."

दुर्बिणीच्या ऑपरेशनात आत नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. शेवटी तो काढून टाकतात, पण थोडा उरतोच. हा उरलेला वायू छाती आणि पोटामधल्या पडद्याला चाळवतो. त्या पडद्याची नस आणि खांद्याच्या त्वचेची संवेदना मानेतल्या एकाच भागातून निघते, त्यामुळे मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. हे एक वाक्य मला आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी कूस बदलून झोपलो असतो. दोष एकट्या डॉक्टरांना कसा देऊ? मी त्यांना दोनच प्रश्न विचारले होते. "किती वेळ लागेल?" आणि "घरी कधी सोडाल?"

पुढे आईच्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ठरलं तेव्हा मी वही घेऊन गेलो. खालचं सगळं त्या दोन अनुभवांतून आणि त्या वहीतून आलंय. हे आधी तारीख ठरवून होणाऱ्या ऑपरेशनबद्दल आहे. अपघातात किंवा तातडीच्या वेळी एवढी उसंत नसते. गोळ्यांचे आणि तासांचे जे आकडे देतोय ते मोठ्या माणसांसाठीचे, सर्वसाधारण आहेत. तुमच्या कागदावर डॉक्टरांनी वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळायचं.

१. पहिलं पान: तुमची कुंडली

वहीचं पहिलं पान स्वतःसाठी ठेवा. दवाखान्यात तीच माहिती पाच वेगवेगळी माणसं विचारतात आणि तिसऱ्यांदा सांगताना आपण हमखास काहीतरी गाळतो. या पानावर एवढं हवं:

- आधीची सगळी ऑपरेशनं, साधारण वर्षासकट. लहानपणीचं टॉन्सिलचंसुद्धा.
- असलेले आजार: मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड, फिट येणं, हृदयाचं काही.
- रोजची प्रत्येक गोळी, तिचं बळ किती मिलिग्रॅम, कधी घेता.
- ॲलर्जी. औषधाची तर लिहाच, पण रबरी हातमोजे, आयोडीन, चिकटपट्टी यांनी अंगावर पुरळ येत असेल तर तेही.
- घरात कुणाला भूल दिल्यावर जिवावर बेतलं होतं का.
- आणीबाणीत कुणाला फोन करायचा, त्यांचा नंबर.

गोळ्यांच्या यादीत लोक एक घोळ हमखास घालतात. "औषधं कोणती चालू आहेत?" या प्रश्नाला माणूस डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच सांगतो. झोपेची गोळी, दुखलं की स्वतःच दुकानातून आणलेली गोळी, काढे, चूर्णं, ताकदीच्या कॅप्सूल हे त्याच्या हिशेबी औषधात येत नाही. भूल देणाऱ्याच्या हिशेबी येतं. लसणाच्या किंवा जिन्को नावाच्या झाडपाल्याच्या कॅप्सूलनी रक्तस्राव वाढू शकतो. सगळ्या डब्या आणि पाकिटं एका पिशवीत घालून नेली की प्रश्नच मिटतो. आईच्या वेळी मी तेच केलं आणि तिची एक गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा चालू असल्याचं तिथे लक्षात आलं.

२. सही करण्याआधी चार प्रश्न

संमतिपत्र बहुतेकदा घाईच्या वेळी समोर येतं. सिस्टर पेन पुढे करतात, कुठे सही करायची तिथे फुल्या मारलेल्या असतात. त्या क्षणी प्रश्न विचारायला कुणालाही अवघडल्यासारखं होतं. म्हणून हे प्रश्न आधीच्या भेटीत, सर्जनच्या खोलीत बसून विचारा:

- या ऑपरेशननं मला नक्की काय फायदा होईल?
- धोके कोणते? सगळ्यांना असतात ते आणि माझ्या तब्येतीमुळे वाढणारे.
- दुसरा पर्याय आहे का? औषधं, व्यायाम, लहान प्रक्रिया?
- काहीच केलं नाही, थांबलो, तर काय होईल?

चौथा प्रश्न लोक विचारत नाहीत, उद्धटपणा वाटेल म्हणून. मला तोच सगळ्यात उपयोगाचा वाटला. काही ऑपरेशनं सहा महिने थांबू शकतात, काही सहा आठवडेही नाही, आणि हे कळल्याशिवाय तारखेचा निर्णय आंधळाच असतो.

यात माझ्याकडून पाचवा प्रश्न जोडतो: "झाल्यावर मला काय काय जाणवेल, आणि त्यातलं कशाला घाबरायचं नाही?" खांदेदुखीचं उत्तर याच प्रश्नात दडलेलं होतं.

दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं असेल तर संमतिपत्रात "गरज पडल्यास पोट उघडून" अशी ओळ असेल. ती वाचून दचकू नका. आत चिकटलेलं असेल किंवा नीट दिसत नसेल तर सर्जन मोठा छेद घेतात. तो सुरक्षित मार्ग म्हणून निवडतात, बिघाड झाला असा त्याचा अर्थ नाही. ऑपरेशन उजव्या-डाव्या बाजूचं असेल तर कागदावरची बाजू स्वतः वाचून बघा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर तेही याच टप्प्यावर, रिपोर्टच्या प्रती मागून. चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही.

३. भूलतज्ज्ञ: दहा मिनिटांची भेट, पण गाळायची नाही

आपण सर्जन निवडायला महिना घालवतो आणि भूल कोण देणार हे ऑपरेशनच्या टेबलावर कळतं. खरं तर ऑपरेशन चालू असताना तुमचा श्वास, रक्तदाब, ठोके क्षणोक्षणी बघणारी व्यक्ती तीच. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टननं ईथर देऊन रुग्णाला जाहीरपणे गुंगीत नेलं. त्याआधी ऑपरेशन म्हणजे माणसाला धरून ठेवायचं आणि सर्जननं घाई करायची. आज भूल बरीच सुरक्षित झाली आहे, पण तुम्ही दिलेली माहिती खरी असली तरच.

या भेटीत लाजायचं नाही. दारू, सिगारेट, तंबाखू किती, ते खरं सांगा. तिथे कुणी उपदेश करत नाही. रोज दारू पिणाऱ्याला अचानक ती बंद झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर आणि भ्रम होऊ शकतो, त्याची तयारी त्यांना ठेवायची असते. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील तर सांगा. रात्री श्वासाचं मशीन लावत असाल तर ते सोबत न्या. गरोदर असण्याची शक्यता असेल तर तेही.

आणि दात! आईचा वरचा पुढचा दात हलत होता. आम्हाला कुणालाच ते सांगण्यासारखं वाटलं नाही, गुडघ्याचा आणि दाताचा संबंध काय? भूलतज्ज्ञ बाईंनी तिला तोंड उघडायला सांगितलं, बोटानं तो दात हलवून बघितला आणि आमच्याकडे बघितलं. पूर्ण भूल देताना श्वासाची नळी तोंडातून जाते. हलणारा दात त्या वेळी निसटला तर थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो. गुडघ्याला कमरेतूनच भूल द्यायची होती, पण ती अपुरी पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते म्हणून त्यांना तोही धोका नको होता. दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे जाऊन दात काढला आणि तारीख आठवडाभर पुढे गेली. कवळी, कॅप, ब्रिज, हलणारा दात, सगळं आधी सांगा.

सिगारेट सोडायची तर किमान चार आठवडे आधी. तेवढ्यानं फुप्फुसाचे आणि जखम न भरण्याचे त्रास कमी होतात. चार आठवडे उरले नसले तरी आदल्या दिवशी न ओढण्याचाही फायदा आहे, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दिवसाभरात उतरतो.

४. कोणती गोळी चालू, कोणती बंद

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि तो दोन्ही बाजूंनी महागात पडतो. बंद करायची गोळी घेतली तर रक्तस्राव, आणि चालू ठेवायची गोळी आपल्या मनानं थांबवली तर झटका. म्हणून वहीत तीन रकाने करा: गोळीचं नाव, शेवटचा डोस कधी, पुन्हा कधी सुरू. हे रकाने डॉक्टरांकडूनच भरून घ्या. "रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा" असं तोंडी सांगितलं तर त्यावर भागवू नका, नावासकट लिहून मागा.

समज यावी म्हणून साधारण चित्र असं असतं. क्लोपिडोग्रेल बहुतेकदा पाच ते सात दिवस आधी आणि वॉरफेरिन पाच दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून घेतात. तुम्ही किंवा मी नाही. ॲस्पिरिन काही ऑपरेशनांना चालू ठेवतात, काहींना नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन साधारणपणे ऑपरेशनच्या सकाळी देत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या "ग्लिफ्लोझिन" शेपटीच्या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन घेत असाल तर ते आवर्जून सांगा, त्यानं पोट उशिरा रिकामं होतं.

उलट थायरॉइडची, फिटची, बीटा ब्लॉकर प्रकारातली रक्तदाबाची गोळी बहुतेक वेळा त्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात. स्टिरॉइड चालू असेल तर ते अचानक बंद करणं धोक्याचं.

५. फाइल आणि बॅग

फाइल आधी, बॅग नंतर. फाइलमध्ये:

- ओळखपत्र आणि त्याच्या दोन प्रती
- सर्जनची चिठ्ठी, फिजिशियनचा फिटनेसचा कागद
- रक्ताचे रिपोर्ट, रक्तगट, ईसीजी, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी किंवा स्कॅनच्या मूळ फिल्म
- आधीच्या ऑपरेशनची डिस्चार्ज कार्डं
- विमा असेल तर कार्ड आणि पूर्वपरवानगीचं पत्र. हे दाखल व्हायच्या दिवशी सुरू करू नका. कंपनीचा होकार यायला वेळ लागला की काउंटरवर अडकून पडाल.

बॅगेत समोरून उघडणारे सैल कपडे, मागून बंद असलेली आणि न घसरणारी चप्पल, चष्म्याची आणि कवळीची डबी, कानाचं यंत्र, फोनचा लांब वायरचा चार्जर. चार्जरची वायर लांबच हवी. प्लग कॉटच्या मागे असतो आणि टाके असताना मागे वळून बघा एकदा! दागिने, जास्तीचे पैसे घरी ठेवा.

६. उपाशी राहण्याचं गणित

"रात्री बारानंतर काही खाऊ-पिऊ नका" एवढंच बहुतेकांना सांगतात. त्यामागचं कारण कळलं की नियम पाळायला सोपा जातो. भूल दिल्यावर घशाची खोकून बाहेर टाकण्याची सवय झोपी जाते. पोटात काही असेल आणि ते वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं. आम्लासकट.

आता सर्वमान्य हिशेब असा: हलकं खाणं आणि दूध, सहा तास आधी बंद. तळलेलं, तुपकट, मांसाहारी जेवण असेल तर आठ तास किंवा जास्त. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. बऱ्याच ठिकाणी ही मोकळीक देतात, म्हणून "पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं?" हे घड्याळातल्या वेळेसह विचारा. दुपारी दोनच्या ऑपरेशनला रात्री बारापासून कोरडं राहून डोकं दुखवून घेण्यात काही पुण्य नाही.

दूध घातलेला चहा म्हणजे दूधच. "अर्धाच कप घेतला" असं म्हणून चालत नाही. चुकून घेतलाच तर सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच. न सांगता टेबलावर गेलात तर काय होईल ते वर लिहिलंय.

मधुमेह असेल तर उपाशी असताना साखर उतरल्यासारखं वाटलं की लगेच सांगा आणि दिवसातलं पहिलं ऑपरेशन मिळतं का ते आधीच विचारा.

७. ऑपरेशनची सकाळ

साबणानं स्वच्छ आंघोळ करा. त्या भागाचे केस घरी ब्लेडनं काढू नका. हे सांगूनही लोक "तयारी म्हणून" करतात. ब्लेडनं त्वचेवर बारीक कापे पडतात आणि जंतूंना तिथे आयतं घर मिळतं. गरज असलीच तर तिथले लोक मशीननं छाटतात. नेलपॉलिश पुसा, कारण बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा नखातून प्रकाश टाकून वाचतो. अंगठी, कॉन्टॅक्ट लेन्स, केसांचे चाप काढा. अंगठी निघत नसेल तर आधीच सांगा.

त्यानंतर "तुमचं नाव? जन्मतारीख? कसलं ऑपरेशन? कोणती बाजू?" असं तीन-चार वेगवेगळी माणसं विचारतील. वैतागू नका आणि सोबतच्यानं तुमच्या वतीनं उत्तर देऊ नये. हे मुद्दामच असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी-यादी आणली: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी, असे तीन थांबे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. एक कागद आणि मोठ्यानं विचारलेले प्रश्न. तुम्हीही विचारू शकता, "छेद घेण्याआधीचं अँटिबायोटिक द्यायचं आहे का?" बऱ्याच ऑपरेशनांत ते छेदाच्या आधीच्या तासाभरात देतात. उजव्या-डाव्याचं ऑपरेशन असेल तर तुम्ही शुद्धीत असतानाच त्या जागेवर पेननं खूण करून घ्या.

ऑपरेशन थिएटरमध्ये थंडी वाजते. पांघरूण मागा, संकोच नको.

८. डोळे उघडल्यावर

ऑपरेशननंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या रिकव्हरीच्या खोलीत जाग येते तेव्हा पहिल्यांदा आवाज ऐकू येतात, मग दिवे दिसतात. मी तीनदा विचारलं म्हणे, "झालं का?" आणि तिन्ही वेळा सिस्टरनी तितक्याच शांतपणे "झालं" म्हणून सांगितलं. मला एकही आठवत नाही. डॉक्टर या वेळी जे सांगतात ते डोक्यात राहत नाही, ते सोबतच्यानं ऐकून लिहायचं.

घसा खवखवणं, मळमळ, थरथर, तोंड कोरडं हे नेहमीचं आहे. मळमळीला इंजेक्शन असतं, मागा. कमरेतून भूल दिली असेल तर पाय काही तास जड, परके वाटतात. संवेदना वरून खाली हळूहळू परत येते. पहिल्यांदा उठताना एकट्यानं उठायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. पुढच्या एक-दोन दिवसांत उठून बसल्यावर डोकं जबरदस्त दुखतंय आणि आडवं झाल्यावर थांबतंय असं झालं तर ते भुलीच्या सुईशी जोडलेलं असू शकतं, त्याला इलाज आहे, भूलतज्ज्ञांना कळवा. आणि सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर सांगा. लाज वाटते म्हणून लोक फुगलेल्या पोटानं पडून राहतात.

९. वॉर्डातले दिवस

दुखणं अंगावर काढू नका. "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" असं विचारतात तेव्हा शौर्य दाखवायला चार सांगू नका. पोट दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही. मग कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. दुखणं पूर्ण शून्यावर येणार नाही. खोल श्वास घेता येईल, खोकता येईल आणि बाथरूमपर्यंत जाता येईल इतकं ते खाली आलं पाहिजे. गोळी दुखणं वाढायच्या आधी घेतली की कमी डोसात भागतं.

खोकताना पोटावर उशी घट्ट धरा. टाक्यांवर ताण येत नाही आणि "टाके सुटतील" ही भीती जाते.

तीन रंगीत चेंडूंचं श्वासाचं खेळणं देतील, स्पायरोमीटर. वॉर्डात निम्मे लोक त्यात फुंकर मारत बसलेले दिसतात. मीही पहिला दिवस फुंकलंच. ते फुंकायचं नसतं, नळीतून हवा आत ओढायची असते. सावकाश ओढा, चेंडू वर गेले की दोन-तीन सेकंद धरून ठेवा, सोडा. जागे असाल तेव्हा दर तासाला दहा वेळा.

आणि चाला. पूर्वी ऑपरेशननंतर आठवडाभर पडून ठेवायचे, आता परवानगी मिळाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. पडून राहिल्यानं पायातल्या नसांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. उठता येत नसेल तोवर पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवा. आतड्यांनाही चालण्यानं जाग येते. "वारा सरला का?" हा प्रश्न डॉक्टर रोज विचारतील. हसू येतं, पण पोटाच्या ऑपरेशननंतर ती खरोखर आनंदाची बातमी असते. खांद्याचं ते गॅसचं दुखणंही चालल्यानं लवकर ओसरतं.

हात लावायच्या आधी डॉक्टर, सिस्टर हात स्वच्छ करतात का ते बघा. नाही केले तर "हात धुतलेत ना?" हे हसून विचारता येतं. सलाईनची जागा लाल, गरम, दुखरी झाली तर लगेच दाखवा. लघवीची नळी असेल तर रोज विचारा, "आज काढता येईल का?" जितके दिवस ती राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो.

१०. सोबत राहणाऱ्यासाठी

सोबत एकच माणूस, पण ठाम. भेटायला येणाऱ्यांना आवरणं हे त्याचं मुख्य काम. वही त्याच्या हातात हवी: कोणतं औषध किती वाजता दिलं, ताप किती, ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढायच्या नळीत, किती आलं, डॉक्टर राउंडला काय म्हणाले.

रुग्ण वयस्कर असेल तर ऑपरेशननंतर एक-दोन रात्री भ्रम होऊ शकतो. आई दुसऱ्या रात्री मला ओळखत होती, पण आपण घरीच आहोत असं धरून चालली होती आणि सलाईन काढायला बघत होती. वाद घालून उपयोग नसतो. दिवा लावा, चष्मा आणि कानाचं यंत्र द्या, समोर घड्याळ दिसू द्या, शांतपणे कुठे आहोत ते सांगा आणि सिस्टरना कळवा. कारण कधी संसर्ग, कधी लघवी अडकणं, कधी एखादं औषध असतं, ते शोधावं लागतं. आई तिसऱ्या दिवशी पूर्ववत झाली आणि तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. आम्हीही आठवण करून दिली नाही.

११. डिस्चार्ज घेताना

घरी जायच्या घाईत इथे सगळं सुटतं. बिल भरलं, फाइल मिळाली, गाडी दारात. पाच मिनिटं थांबा, बसा आणि सिस्टरसमोर डिस्चार्ज कार्ड वाचा. यांची उत्तरं त्यात आहेत का?

- कोणतं ऑपरेशन झालं, आत काय सापडलं
- कोणत्या गोळ्या, किती दिवस. आधी बंद केलेल्या कधी सुरू करायच्या
- ड्रेसिंग कधी, कुठे, आंघोळ कधीपासून
- टाके विरघळणारे की काढायचे. काढायचे तर कोणत्या तारखेला
- वजन उचलणं, जिना, गाडी चालवणं, कामावर जाणं कधी
- रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन

शरीरात सांधा, जाळी, प्लेट असं काही बसवलं असेल तर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर कार्डवर चिकटवून घ्या. दहा वर्षांनी एमआरआय करायची वेळ आली की हेच विचारतात.

भुलीनंतर २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करायच्या नाहीत.

१२. घरी आल्यावर

जखमेला हात लावण्याआधी हात धुवा. हळद, पावडर, कुणी सुचवलेला लेप, काही लावू नका. साधारण ४८ तासांनंतर शॉवर किंवा तांब्यानं आंघोळ बहुतेकांना चालते, पण टबमध्ये किंवा तलावात बुडून बसणं नको. चोळू नका, टिपून घ्या. टाके चेहऱ्यावरचे पाचेक दिवसांत काढतात, पोटावरचे आणि सांध्यावरचे दहा ते चौदा दिवसांनी.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिलं असेल तर मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळीत, "डबल ॲक्शन" दुखण्याच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत वाचा आणि बेरीज करा. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी पोट घट्ट बसतं, त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. जोर लावणं टाक्यांना परवडत नाही.

खालीलपैकी काही झालं तर सकाळची वाट न बघता फोन करा:

- ताप ३८ अंश सेल्सियसच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर
- जखमेभोवती लाली पसरणं, पू, दुर्गंधी, टाके उकलणं
- रोज कमी व्हायला हवं ते दुखणं वाढत जाणं
- सतत उलट्या, पोट फुगणं, वारा न सरणं
- पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर डोळे पिवळे, लघवी गडद

आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, रक्त थांबत नाही, तर फोनच्याही फंदात पडू नका, सरळ आपत्कालीन विभाग गाठा. माझ्या खांद्याचं निघालं गॅसचं, पण त्या रात्री बेल दाबली ते बरोबरच केलं. छाती-खांद्याचं दुखणं तपासून झाल्यावरच ते गॅसचं ठरवायचं असतं.

जखमेचा संसर्ग ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत, आत काही बसवलं असेल तर ९० दिवसांपर्यंत धरला जातो. म्हणजे टाके निघाले म्हणून जखमेकडे बघणं सोडायचं नाही.

१३. तो राहिलेला रिपोर्ट

काढलेला अवयव किंवा गाठ पॅथॉलॉजीत तपासायला जाते. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तोवर तुम्ही घरी पोचलेले असता, आणि रिपोर्ट तिथल्या एका कप्प्यात पडून असतो. रुग्णाला वाटतं काही असतं तर फोन आला असता. माझा रिपोर्ट मी सव्वा महिन्यानं आणला, तोही विम्याला प्रत हवी होती म्हणून. साधी सूज आणि खडे, बाकी काही नाही. पण क्वचित पित्ताशयात कॅन्सर सापडतो तो याच कागदावर पहिल्यांदा दिसतो.

डिस्चार्जच्या दिवशीच विचारा: नमुना तपासायला गेलाय का, रिपोर्ट कधी येईल, कुठल्या खिडकीवर मिळेल. ती तारीख वहीत लिहा, रिपोर्ट आणा, सर्जनला दाखवा. मग वहीच्या पहिल्या पानावर, आधीच्या ऑपरेशनांच्या यादीत, हे नवं ऑपरेशन तारखेसकट आणि कोणती भूल दिली होती त्यासकट लिहून फाइल बंद करा.